ज्येष्ठ नागरिकांसाठीची आपत्कालीन सूचना उपकरणे

घरात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीला पडणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपू लागणे अशा प्रसंगी मदतीची हाक तत्काळ दुसऱ्यापर्यंत पोहोचवता यावी, यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांना आपत्कालीन सूचना उपकरणे म्हणतात. गळ्यात किंवा मनगटावर बाळगायचे बटण हा त्यांचा मूळ प्रकार होय. भारतात हे काम मुख्यतः भ्रमणध्वनी व आपत्कालीन दूरध्वनी क्रमांकांद्वारे होते.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात व त्यांत ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. पडल्यानंतर उठता न आल्याने तासाहून अधिक काळ जमिनीवर राहिल्यास शरीरातील पाणी कमी होणे, त्वचेवर दाबाच्या जखमा होणे, स्नायूंची हानी व न्यूमोनिया असे धोके संभवतात. म्हणूनच पडणे व मदत पोहोचणे यांतील कालावधी कमी करणे हा या उपकरणांचा प्रमुख हेतू असतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ६० वर्षे व त्यावरील व्यक्ती ९.९ टक्के होत्या. २०१७-१८ मधील देशव्यापी वार्धक्य पाहणीत ('लासी') सुमारे ६ टक्के ज्येष्ठ एकटे राहत असल्याचे आढळले.

रचना व कार्यपद्धती

पारंपरिक उपकरणात बटण व घरातील मुख्य संच असे दोन भाग असतात. बटण दाबताच रेडिओ लहरींद्वारे संचाला इशारा मिळतो. संच दूरध्वनीवरून मदतकेंद्राशी संपर्क साधतो आणि ध्वनिक्षेपकाद्वारे दोन्ही बाजूंनी संभाषण होते. नव्या उपकरणांत सिमकार्ड व स्थान कळवणारी जीपीएस प्रणाली असल्याने ती घराबाहेरही चालतात. काहींतील गतिमापक संवेदक पडण्याची क्रिया ओळखून आपोआप इशारा देतो.

इतिहास

१९७० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत विल्हेल्म हॉर्मान यांनी घरगुती आपत्कालीन हाक प्रणाली विकसित केली. १९७४ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिबनर यांनी 'लाइफलाइन' ही सेवा स्थापन केली. २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या मनगटी घड्याळात पडणे ओळखण्याची सोय आली.

भारतातील व महाराष्ट्रातील तरतुदी

दूरसंचार विभागाच्या २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या भ्रमणध्वनींत आपत्कालीन बटणाची सोय अनिवार्य झाली. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ ही कळ दाबून धरणे आणि स्मार्टफोनमध्ये चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबणे, अशी तिची पद्धत ठरवण्यात आली.

११२ या क्रमांकावर पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय मदत एकत्रितपणे मागता येते. महाराष्ट्रात १०८ ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून कार्यरत आहे. १४५६७ ही 'एल्डरलाइन' १ ऑक्टोबर २०२१ रोजी राष्ट्रीय स्तरावर सुरू झाली. ती सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत मार्गदर्शन व आधार देते. मात्र ती तातडीच्या वैद्यकीय सेवेचा पर्याय नव्हे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाविषयीच्या २००७ च्या कायद्याने ज्येष्ठांच्या जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी कृती आराखडा करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. महाराष्ट्राने त्याखालील नियम २०१० मध्ये केले. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने अद्ययावत ठेवावी, अशी अपेक्षा त्यांत आहे.

ग्रामीण भागातील स्थिती

मदतकेंद्राने हाक ऐकली तरी प्रत्यक्ष घरात कोणी तरी पोहोचावे लागते. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यासारख्या सीमावर्ती भागात हा शेवटचा टप्पा निर्णायक ठरतो. हिमायतनगर येथे ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु गंभीर रुग्णांना नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. खेड्यांत घरक्रमांकापेक्षा मारुतीचे देऊळ, शाळा, पाण्याची टाकी अशा खुणांनीच घर सापडते. त्यामुळे पुण्यात किंवा हैदराबादेत असलेल्या मुलाला गेलेला इशारा तितकाच उपयोगी ठरतो, जितक्या लवकर तो शेजाऱ्याला उठवू शकतो.

या दृष्टीने नाशिक, पुणे आदी जिल्ह्यांत वापरली गेलेली 'ग्राम सुरक्षा यंत्रणा' उल्लेखनीय आहे. नोंदणी केलेल्या ग्रामस्थाने १८०० २७० ३६०० या निःशुल्क क्रमांकावर बोललेला संदेश त्याच्याच आवाजात इतर नोंदणीकृत ग्रामस्थांच्या फोनवर एकाच वेळी पोहोचतो. चोरी, आग, बिबट्याचा वावर व अपघात अशा प्रसंगांसाठी ती योजलेली आहे. केवळ ज्येष्ठांसाठी नसली, तरी दूरच्या केंद्राऐवजी शेजाऱ्यांना हाक देण्याचे तिचे तत्त्व त्यांनाही उपयुक्त आहे.

मर्यादा

२००८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये केंब्रिज येथील ९० वर्षांवरील व्यक्तींच्या पडण्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पडल्यावर दीर्घकाळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी, इशारा उपकरण उपलब्ध असूनही, त्याचा वापर केला नव्हता. उपकरण अंगावर नसणे, दुसऱ्याला त्रास देण्याचा संकोच व बटण दाबण्याइतकी शुद्ध नसणे ही अशा न वापराची काही कारणे असू शकतात. न्हाणीघरात पडण्याचा धोका अधिक असतो आणि स्नानाच्या वेळी उपकरण बहुधा खुंटीवर राहते. म्हणून ते जलरोधक असणे आवश्यक मानले जाते. वीज खंडित होणे, बॅटरी उतरणे व नेटवर्क नसणे यांमुळेही सेवा बंद पडते. यास्तव ठरावीक दिवशी चाचणी घेणे, दोन शेजाऱ्यांचे क्रमांक नोंदवून ठेवणे व घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे देणे, हे उपाय उपकरणाला पूरक ठरतात.

हेही पाहा

ज्येष्ठ नागरिक
रुग्णवाहिका
हिमायतनगर