मास्तरांचा एकच सवाल

फराळ आटोपून मंडळी निवांत बसली, की ‘गुरुजी, एखादा चांगला चित्रपट सांगा’ अशी फर्माईश माझ्याकडे होतेच. राजकारणावरचा सांगितला, की कपाळाला आठ्या पडतात. सणासुदीला कशाला ते?

पण आपल्या चित्रपटाला राजकारणाचे वावडे कधीच नव्हते. प्रभात कंपनीने १९३० साली शिवरायांवर ‘स्वराज्याचे तोरण’ हा मूकपट काढला, तर इंग्रजांच्या सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्दच सोसवेना. अखेर ‘उदयकाल’ असे नाव द्यावे लागले.

पुढे इंग्रज गेले, आमच्या बीडवरून निजामही १९४८ साली गेला. आता पडद्यावर भांडायचे कुणाशी? याचे उत्तर १९७५ च्या ‘सामना’त सापडते. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे आणि तेही पहिलेच! एकीकडे सहकारातला बडा असामी हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले. दुसरीकडे दारूत बुडालेला, भटकत गावात आलेला जुना स्वातंत्र्यसैनिक मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू. हिंदुराव काही राक्षस नव्हे. तो या फाटक्या माणसाला घरी ठेवून घेतो, त्याची बडदास्त राखतो. म्हणूनच त्याची भीती वाटते. मास्तराजवळ ना सत्ता, ना पैसा. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच तो विचारतो आणि विचारतच राहतो.

आम्हां बीडकरांना हे चित्र जरा अधिक झोंबते. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली हजारो माणसे कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्राच्या नि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. सुटीनंतर वर्गात हजेरी घेताना एखादे नाव पुकारावे, तर शेजारचा पोर सांगतो, “गेला गुरुजी, कारखान्याला.” हिंदुरावाचे वैभव पाहताना मला ती रिकामी जागा दिसते.

१९७९ चा ‘सिंहासन’ही पाहाच. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या गुंफून तेंडुलकरांनीच तो लिहिला. यात निळू फुले पुढारी नाहीत, सारे पाहणारा बातमीदार आहेत. पात्रे मात्र इतकी, की प्रारंभी नावांचा गोंधळ उडतो. (ही कादंबरीकाराची असूया म्हणा हवी तर!)

पण आधी ‘सामना’. गेल्या दिवाळीत तो पाहून झाल्यावर आमच्या आईने चक्क हिंदुरावाची बाजू घेतली. “गावाचं भलं तर त्यानंच केलं ना?” झाले! पोरे तिच्यावर तुटून पडली, आणि त्या वादात चिवड्याचा डबा रिकामा झाला.