खाजनाचा बांध कोणी राखावा?

मांडवी आणि जुवारी या नद्या समुद्राला मिळण्यापूर्वी बऱ्याच आतपर्यंत खाऱ्या असतात. दिवसातून दोन वेळा भरतीचे पाणी त्यांच्या पात्रातून वर चढते व दोन वेळा उतरते. त्यांच्या काठची पुष्कळशी शेते भरतीच्या पातळीहून सखल आहेत, हे ऐकून परक्या माणसास नवल वाटेल. तेथे भात पिकते ते केवळ नदी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक बांध उभा आहे म्हणून. अशा जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. चोडण, दिवाडी यांसारखी बेटे आणि तिसवाडी, बारदेश, सासष्टी येथील नदीकाठ मिळून सुमारे १८ हजार हेक्टर जमीन या प्रकारची आहे. गोव्यासारख्या लहान प्रदेशात हा आकडा थोडा नव्हे.

बांधाची रचना साधी, परंतु मोठ्या शहाणपणाची. आत चिखल, त्यात गवताचा पेंढा, आणि जेथे प्रवाहाचा मारा अधिक तेथे बाहेरून जांभ्या दगडाचे अस्तर. बांधात ठिकठिकाणी मानस बसविलेली असते. मानस म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरती चढू लागली की पाण्याच्या रेट्याने ती दारे आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की शेतातील पाण्याच्या रेट्याने आपोआप उघडतात. मानशीच्या आतल्या बाजूस पोंय नावाचा खोलगट डोह असतो. त्यात शेतातले जादा पाणी साठते व मासळीही वाढते. पावसाच्या पहिल्या सरी जमिनीतील क्षार धुऊन नेतात, आणि मग खारटपणा सोसणारे कोरगूट भात पेरले जाते. ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर पडणारी मासळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून पकडतात. एकाच दारावर भात आणि मासळी दोन्ही अवलंबून असतात. आणि पुढील सारा इतिहास या दोहोंच्या ओढाताणीचा आहे.

बांध एका घराचा नसतो. दहा वाव अंतरावर दुसऱ्याच्या शेतापाशी खिंडार पडले तर खारे पाणी सर्वांच्या शेतात शिरते, आणि एकदा शिरलेले मीठ धुऊन निघावयास एकाहून अधिक पावसाळे लागतात. म्हणूनच खाजनाची राखण ही प्रारंभापासून गावाची गोष्ट होती. पोर्तुगीज येण्याच्या कित्येक शतके आधीच्या ताम्रपटांत खाजन जमिनीचा उल्लेख सापडतो. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकारांच्या रूढी एका सनदेत नोंदविल्या. फोराल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या सनदेत, पूर्वी काही माणसे या ओसाड भूमीवर आली, त्यांनी ती लागवडीस आणली आणि त्यांचे वंशज ते गावकार, अशी हकीकत दिली आहे. राज्यकर्त्यांनी सारा आपल्याकडे वळविला. गावाची संस्था मात्र मोडली नाही. तीच पुढे कोमुनिदाद या नावाने ओळखली जाऊ लागली. तिची शेते ठराविक मुदतीने पावणीने, म्हणजे लिलावाने, दिली जात. त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी होई आणि उरेल त्यातून गावकारांस झोण मिळे. १९०४ च्या संहितेने आणि १९६१ च्या एप्रिलातील सुधारित संहितेने हे सारे नियम लेखी बांधून टाकले. त्यानंतर आठच महिन्यांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, पोर्तुगीज सत्ता संपली.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आज एक प्रथा पडली आहे. बांध टिकले हे खरेच; पण त्यांच्यासाठी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून डोक्यावरून चिखल कोणी वाहिला? झोण मिळे ती गावकारांच्या वंशातील पुरुषांना. कूळ, मुंडकार, कुणबी, गावडे यांच्या वाट्याला श्रम आले, मालकी आली नाही. बांधाची राखण गावाची होती. तिच्या फळाची वाटणी मात्र साऱ्या गावाची नव्हती.

ही विषमता दूर करण्याचे काम गोव्याच्या पहिल्या लोकनियुक्त सरकारने हाती घेतले. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री असताना १९६४ मध्ये कूळ कायदा झाला. कुळाला संरक्षण मिळाले आणि खंडाची मर्यादा उत्पन्नाच्या एक षष्ठांशावर आणली गेली. पुढे शशिकला काकोडकर यांच्या कारकीर्दीत १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्यालाच मालक ठरविले. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात घाम गाळला, त्यांच्या दृष्टीने हे केवढे स्थित्यंतर होते याची कल्पना शहरात बसून यावयाची नाही. हे कायदे चुकले असे म्हणणाऱ्यांनी त्या घरांकडे पाहून बोलावे.

तरीही एक गाठ सुटायची राहिली. खंड घटला तशी कोमुनिदादीची मिळकत आटली, आणि मिळकतीबरोबर बांधाची आस्थाही. शेताचे तुकडे कुळांच्या नावे झाले. बांध कोणाच्याच नावे होईना. सरकारला हे दिसले नाही असे नव्हे. १९७५ च्या नियमांनी खाजनातील कुळांचे संघ स्थापन झाले. बांध व मानस यांची देखरेख संघाने करावी, तिचा खर्च वाटून घ्यावा, मामलेदाराने लक्ष ठेवावे, अशी योजना होती. मृदसंधारण विभागाने सरकारी खर्चाने पुष्कळ बांध दुरुस्तही केले. कागदावर ही तजवीज उत्तम होती.

तिला धक्का दिला तो मासळीने. मानशीवर मासे धरण्याचा हक्क पावणीने दिला जातो आणि ते पैसे संघाच्या तिजोरीत पडतात. मासळीचे भाव चढत गेले, भाताला मजूर मिळेनासे झाले. ज्याने हक्क घेतला त्याच्या हिताची गोष्ट म्हणजे खारे पाणी आत येऊ देणे. शेतकऱ्याच्या हिताची म्हणजे ते बाहेर ठेवणे. काही संघ बांधाचे राखणदार राहिले, तर काही मासळीच्या पावणीपुरते उरले. मानशीचे दार रात्री मुद्दाम उघडे ठेवल्याच्या आणि बांध फोडल्याच्या तक्रारी गावोगाव ऐकू येऊ लागल्या. पाणी तुंबले की पीक बुडते ते ज्याचे घर अजून भातावरच चालते त्याचे. त्यात लोहखनिज वाहणाऱ्या बार्जांची भर पडली. मांडवी आणि जुवारीतून जाणाऱ्या बार्जांच्या लाटा बांधांवर आपटत. खनिज परदेशी जाई, खिंडार गावात राही.

याहून विचित्र पेच आला तो संरक्षणाच्याच कायद्यांतून. खारे पाणी साठलेल्या पडीक शेतात काही वर्षांत खारफुटीची झाडे उगवतात. खारफुटी ही किनाऱ्याची ढाल आणि मासळीचे माहेर. तिला तोडण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु जो बांध दुसऱ्याने फोडला त्यामुळे ज्याचे शेत बुडाले, त्याने ते पुन्हा लागवडीस आणावयाचे ठरविले तर झाडांना हात लावल्याबद्दल त्यालाच जाब द्यावा लागतो. बांध फोडणारा मात्र अंधारात नाहीसा झालेला असतो.

सरकारने पुढेही हात आखडला नाही. १९९१ च्या जमीन वापर नियमन कायद्याने कुळाला मिळालेली जमीन शेतीखेरीज अन्य कामी लावण्यास बंदी केली. २०११ च्या केंद्रीय किनारी अधिसूचनेत गोव्यासाठी खास कलमे आली. खाजनांचे नकाशे करावेत, तेथे बांधकाम होऊ देऊ नये, असे त्यांत स्पष्ट लिहिले गेले. २०२३ मध्ये शेतजमीन शेतकरी नसलेल्यांना विकण्यावर राज्याने निर्बंध घातला. हे तिन्ही उपाय जमीन काय कामी लावावी व कोणाला विकावी याविषयी आहेत. १९७५ च्या नियमांनी ज्या प्रश्नाला हात घातला होता, तो मात्र तिथेच आहे.

बांधाला खिंडार पडले की गावकरी कोमुनिदादीकडे जातात; ती कुळांच्या संघाकडे बोट दाखविते. संघ मामलेदाराकडे अर्ज करतो, मामलेदार मृदसंधारण विभागाकडे पाठवितो, आणि खिंडारात झाडे वाढली असतील तर वनखात्याचा अभिप्राय लागतो. चिखलाचे काम मृगाच्या आधी उरकावे लागते, कारण पुढे पावसाचे पाणी वरून आणि भरतीचे खालून येते. अर्ज मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपल्या चालीने जात असतो, आणि भरती दिवसातून दोन वेळा येतच असते.