घराचे दोन पत्ते

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे आपल्याकडे म्हणतात. युनिक्सच्या वळणाच्या संगणकांत ही म्हण जशीच्या तशी लागू पडते. एखादा मनुष्य सकाळी यंत्रापुढे बसतो, आणि पाहतो तो त्याने वर्षानुवर्षे बसवलेली घडी नाहीशी झालेली. आज्ञांची लघुरूपे चालत नाहीत, किल्ल्या सापडत नाहीत, लिहिलेले कागद दिसत नाहीत. सारे पुसले गेले असे वाटून त्याच्या पोटात गोळा येतो. वस्तुतः बहुधा काहीच पुसले गेलेले नसते. यंत्राने त्याला दुसऱ्याच घरी नेऊन सोडलेले असते. एका माणसाला दोन घरे कशी झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे त्याचे जनक. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, अशी ती एकत्र कुटुंबाची व्यवस्था होती. म्हणून प्रत्येकाला स्वतःची खोली देणे भाग पडले. या खोलीलाच होम डिरेक्टरी म्हणतात. १९७१ च्या सुमारास या खोल्या ‘यूएसआर’ नावाच्या कप्प्यात असत. यूएसआर म्हणजे यूजर, वापरणारे लोक. थॉम्प्सन यांची खोली तेथे ‘केन’ नावाने होती, रिची यांची ‘डीएमआर’ या आद्याक्षरांनी. पहिल्या तबकडीवर जागा थोडी होती, ती यंत्रणेच्या स्वतःच्या प्रोग्रामांनी भरली, आणि उरलेले प्रोग्राम माणसांच्या तबकडीवर येऊन राहू लागले. पाहुण्याने ओसरीवर पथारी टाकावी आणि हळूहळू माजघर व्यापावे, तसे झाले. पुढे घरच्या माणसांनाच बिऱ्हाड हलवून ‘होम’ नावाच्या नव्या कप्प्यात जावे लागले. आज यूएसआरमध्ये प्रोग्राम आहेत, यूजर नाहीत. त्या अक्षरांची ‘युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’ अशी फोड काही जण सांगतात. ती मागाहून जुळवलेली आहे.

आता घराच्या नोंदीकडे वळू. ‘पासडब्ल्यूडी’ नावाची एक फाइल या यंत्रणेचे दप्तर आहे. तीत प्रत्येक माणसाची एक ओळ असते, आणि पुढे रूढ झालेल्या स्वरूपात त्या ओळीचे सात रकाने असतात. सहाव्या रकान्यात घराचा पत्ता. माणूस आत आला की यंत्र हा रकाना वाचून त्याला घरी पोचवते. एवढ्यावर थांबले असते तर तंटा उद्भवला नसता. परंतु १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली, आणि तिच्यात प्रत्येक प्रोग्रामासोबत काही नावे व त्यांची मूल्ये बांधून देण्याची सोय आली. त्यांतील एक नाव ‘होम’. दप्तरातील पत्त्याची ही जणू खिशात बाळगण्याची नक्कल. सोय उत्तम होती. मात्र नक्कल वाटेल तेव्हा बदलता येते आणि दप्तराला त्याचा पत्ता लागत नाही. सातबाऱ्यावर एक आणि वहिवाटीत दुसरेच, हा प्रकार आपल्या वाचकांना नवा नाही.

याच सुमारास बर्कले येथील बिल जॉय यांनी ‘सी शेल’ तयार केला. त्यात घरासाठी त्यांनी एक लहरी रेघ योजली, तिला टिल्ड म्हणतात. ते ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करीत, त्याच्या एकाच कळीवर ‘होम’ हा शब्द आणि ही रेघ छापलेली होती. अर्थ तेथूनच चिकटला. गंमत पुढेच आहे. नुसती रेघ लिहिली तर शेल खिशातली नक्कल वाचतो, आणि रेघेपुढे माणसाचे नाव लिहिले तर दप्तर उघडतो. चिन्ह एक, साक्षीदार दोन!

या दोन साक्षी उघडपणे फुटल्या त्या विंडोजच्या अंगणात. १९९५ मध्ये सिग्नस कंपनीत ‘सिग्विन’चे काम सुरू झाले. विंडोजवर युनिक्सचे वातावरण उभे करणे हा त्याचा हेतू. विंडोजचे घर निराळे, सिग्विनचे निराळे. त्यातून दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामासाठी कोणी विंडोजमध्ये ‘होम’ नेमून ठेवलेले असले, तर सिग्विनचा शेल तेच उचलतो. दूरच्या यंत्राशी गुप्तपणे बोलणारा ‘एसएसएच’ मात्र खिशातल्या नकलेकडे पाहत नाही. तो दप्तरालाच विचारतो. हा हट्ट मला रास्त वाटतो. पलीकडच्या यंत्राने दार उघडण्यापूर्वी पाहुण्याच्या किल्ल्या तपासायच्या असतात, आणि त्या वेळी पाहुण्याचा खिसा अद्याप अस्तित्वातच आलेला नसतो. परिणाम असा, की शेल एका घरात नांदतो आणि किल्ल्या दुसऱ्या घरात शोधल्या जातात.

तेव्हा असा प्रसंग आला तर आधी कोठेही काही पुसू नये. ‘एको’ या आज्ञेने ‘होम’चे मूल्य छापावे, ‘गेटेंट’ने दप्तरातील आपली ओळ पाहावी आणि दोन पत्ते ताडून घ्यावेत. सिग्विनमध्ये २०१५ पासून दप्तराची फाइल हाताने राखण्याची गरज उरली नाही. ‘एनएसस्विच’ नावाच्या फाइलीत ‘डीबी-होम’ ही एक ओळ लिहून घर ठरवता येते. ओळ बदलल्यावर सिग्विनचे सर्व प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावेत.

सामान हलवताना एक खोच आहे. घरातील मांडणीच्या फायलींची नावे ठिपक्याने सुरू होतात आणि यादीत त्या दिसत नाहीत. रॉब पाइक यांनी २०१२ साली याची हकीकत सांगितली. प्रत्येक कप्प्यात ‘स्वतः’ आणि ‘वरचा’ या अर्थाच्या, ठिपक्यांनी लिहिलेल्या दोन नोंदी असतात. त्या यादीत येऊ नयेत म्हणून थॉम्प्सन किंवा रिची यांनी नावाचे पहिलेच अक्षर तपासण्याची आखूड वाट धरली. त्यामुळे ठिपक्याने सुरू होणारे प्रत्येक नाव दडले, आणि पुढच्या लोकांनी या आडोशाला आपला संसार थाटला. घर बदलणारा मनुष्य तारांकन टाकून ‘सगळे’ उचलतो, तेव्हा तारांकनही ठिपका वगळते. आणि ज्या फायलींसाठी ही सारी धावपळ, नेमक्या त्याच जुन्या घरात राहतात. यादी मागताना ‘एलएस’पुढे ‘-ए’ जोडले, म्हणजे त्या दिसतात.