काळ्या मातीची पानं

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक बारावी सायन्सला आहे. बैठकीत ती म्हणाली, "गाडीच्या प्लास्टिकमध्ये माती घालतात, मग ते मजबूत होतं." सगळ्या हसल्या. "हेच शिकायला पैसे घालायचे का?" असंही कुणी म्हणालं. हसणाऱ्यांत मीही होते. घरी येऊन वाचलं, तर पोरगी खरं बोलत होती.

आपल्या नगरच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तेच रान फुगतं. कारण या मातीत मोन्टमोरिलोनाइटच्या गटातली खनिजं असतात. त्यांची रचना वहीच्या पानांसारखी. पानांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आक्रसते. एक पान इतकं पातळ, की एक मिलिमीटर जाडी व्हायला १० लाख पानं रचावी लागतील.

मातीची भुकटी प्लास्टिकमध्ये पूर्वीही घालत, पण स्वस्त भर म्हणून. पानं एकमेकांना चिकटलेलीच राहत, बेसनात गुठळ्या राहाव्यात तशी. १९८० च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी पानांमधले सोडियमचे कण काढून तिथे सेंद्रिय रेणू बसवले. मग नायलॉनचा कच्चा माल आत शिरला, तिथेच त्याचं नायलॉन झालं आणि पानं सुटी झाली. माती ५ टक्क्यांहून कमी; पण जे नायलॉन भाराखाली ६५ अंश सेल्सिअसला वाकायचं, ते सुमारे १५० अंशांपर्यंत टिकू लागलं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टोयोटाने इंजिनाच्या टायमिंग बेल्टचं झाकण या नायलॉनचं केलं. २००२ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने व्हॅनची पायरी मातीमिश्रित प्लास्टिकची केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अशा मिश्रणांवर संशोधन झालं. तरी हे तंत्र सगळीकडे पोचलं नाही, कारण पानं दर वेळी सारखी सुटी करणं अवघड.

आता आपली माती कुणी विकत घेईल का? नाही. तिच्यात चुनखडी, वाळू असं बरंच मिसळलेलं असतं. उद्योगाला लागणारी अशी माती, म्हणजे बेंटोनाइट, आपल्या देशात मुख्यतः गुजरात-राजस्थानात निघते.

माती पायाखाली पहिल्यापासून होती. पानं सुटी करायची रीत मात्र शिकलेल्या माणसांना सापडली. मी त्या लेकीची माफी मागितली. तिच्या बीएस्सीच्या फीसाठी ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं आहे. येत्या बैठकीत ठराव येईल, तेव्हा पहिला हात माझा वर असेल.