माळेगावची दंगल तोंडावर: कोण कुस्ती मारणार, याचा अंदाज कसा बांधायचा?

लोहा : माळेगावच्या खंडोबाची यात्रा जवळ आली की आमच्या फोनवर एकच प्रश्न सुरू होतो. "यंदा कुस्त्या कोणाकोणाच्या हाईत? कोण मारंल?" अहमदपूरहून फोन, कंधारहून फोन, एकजण तर हरभऱ्याला पाणी देता देता मोटार बंद करून विचारायलाय. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. जपून ठेवा, पुढच्या जत्रांनाही कामाला येईल.

आधी तारखेचं. यात्रा तिथीवर असते, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते. त्यामुळं इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. 2024 सालात तर ही तिथी दोनदा आली, एकदा 10 जानेवारीला आणि पुन्हा 29 डिसेंबरला. कुस्त्या पहिल्या दिवशी नसतात. देवस्वारी, जनावरं, प्रदर्शनं असा क्रम लागतो आणि कुस्त्यांचा दिवस कार्यक्रमपत्रिकेत वेगळा दिलेला असतो. यात्रा नांदेड जिल्हा परिषद भरवते, पत्रिका तिचीच असते. मागच्या वर्षीची पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरत राहते. तिच्यावरचं साल बघूनच निघा.

आता मुख्य प्रश्न. पोरं फोनवर डब्ल्यूडब्ल्यूई बघतात. तिथं कोण कुणाशी भिडणार हे कित्येक दिवस आधी जाहीर होतं, आणि जिंकणार कोण हेही आधीच ठरलेलं असतं. ही आमची टीका नाही. 1989 साली त्याच कंपनीच्या लोकांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात तसं स्वतः सांगितलं होतं, म्हणजे खेळ म्हणून लागणारे नियम आणि कर आपल्याला लागू नयेत. त्यामुळं तिथला अंदाज म्हणजे गोष्ट लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखणं. पैलवानाकडं बघून तिथं काही कळत नाही.

माळेगावात उलटं आहे. मोठ्या दोन-चार कुस्त्या कधी आधी ठरतात, बाकी सगळ्या जोडी आखाड्यातच लागतात. गडी लंगोट कसून फेरी मारतो, दंड थोपटतो, जोड मागतो. समोरून कुणीतरी उठतो. पंच दोघांचे हात धरून उभे करतात, अंगापिंडानं जुळतात का ते बघतात, माईकवर इनाम पुकारतात आणि लागली कुस्ती. म्हणून नावं घेऊन "अमुकच मारणार" असं जो आज सांगतो तो हवेत बोलतोय. अंदाज बांधायचा तो जोड लागल्यावर, सलामी आणि पहिली पकड यांच्या मधल्या मिनिटभरात. त्या मिनिटात काय बघायचं ते सांगतो.

जोड बघा, नाव नंतर

सगळ्यात आधी वजन. यात्रेत काटा नसतो, नजरेनं जोड लावतात, आणि नजर चुकते. उंची सारखी दिसली तरी मांडी आणि मान बघा. एकाची मान खांद्यात गेलेली आणि दुसऱ्याची बाहेर काढल्यासारखी दिसत असेल तर पाच-सात किलोंचा फरक धरून चाला. मातीत पाच किलो लई होतात, कारण मातीत पाय रुततो, हलक्या गड्याची चपळाई निम्मी होते आणि वरून अंग टाकणाऱ्याचं वजन पुरतं लागू होतं.

दुसरं, कान. मोडलेला, गोळा झालेला कान म्हणजे त्या गड्यानं वर्षानुवर्षं मान घासलेली आहे. एकाचा कान मोडलेला आणि दुसऱ्याचा सरळ असेल तर मी डोळे झाकून पहिल्याच्या बाजूनं बोलतो. दंडाच्या गोळ्यांवर जाऊ नका. जिममधली बॉडी फोटोत चांगली दिसते, पण सहाव्या मिनिटाला तोंड उघडं पडतं.

तिसरं, गडी खेळतो कशावर. हे आजकाल सगळ्यात महत्त्वाचं झालं आहे. पुण्या-कोल्हापूरच्या मोठ्या तालमीत आता बराच सराव गादीवर होतो. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद विश्रांती, दहा गुणांची आघाडी झाली की फ्रीस्टाइल कुस्ती तिथंच संपते. सगळा खेळ वेगाचा आणि गुणांचा. मातीत खेळ चीतपटीचा, वेळ जास्त, आणि घाम आला की हात निसटतो, माती लावली की पकड बसते. हा फरक किती मोठा आहे ते महाराष्ट्र केसरीत दिसतं. तिथं माती गटाचा विजेता आणि गादी गटाचा विजेता यांची शेवटची कुस्ती गादीवर होते. 2020 ला गादीवाला हर्षवर्धन सदगीर जिंकला. जानेवारी 2023 ला गादीवाला शिवराज राक्षे जिंकला, 2025 ला गादीवाला पृथ्वीराज मोहोळ. मधे नोव्हेंबर 2023 ला मातीतून आलेल्या सिकंदर शेखनं राक्षेला काही सेकंदांत चीत केलं, तो अपवाद. म्हणजे ज्याची जमीन त्याचं पारडं जड. माळेगावात जमीन मातीची आहे. मोठ्या शहरातून आलेला, अंगावर स्पर्धेचा टी-शर्ट घातलेला गडी दिसला म्हणून लगेच त्याच्या नावानं ओरडू नका. त्यानं पहिल्या तीन मिनिटांत पट काढून कब्जा घेतला तर त्याची, नाहीतर कुस्ती हळूहळू मातीवाल्याकडं सरकते.

डाव ओळखता आले तर मजा दुप्पट. खाली वाकून एक पाय ओढला तर एकेरी पट, दोन्ही ओढले तर दुहेरी. समोरच्याला खांद्यावर आडवा घेऊन टाकला तर कलाजंग. धोबी कपडा आपटतो तसा पाठीवरून आपटला तर धोबीपछाड. खाली पडलेल्याची मान आणि पाय एकत्र बांधून लोळवला तर मोळी, लाकडाच्या मोळीसारखीच. लांब हाताचा उंच गडी बहुतेक ढाक लावायला बघतो, बुटका गडी पटात शिरतो. उंच विरुद्ध बुटका अशी जोड लागली की मी बुटक्याच्या बाजूनं असतो, वजन सारखं असेल तर.

वस्ताद कोण, हेही विचारा

माईकवर नाव, गाव आणि पुष्कळदा तालीम पुकारतात. तालीम कान देऊन ऐका. आपल्या भागाची परंपरा साधी नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 ला लातूरलाच महाराष्ट्र केसरी झाले, पुढच्या वर्षी एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण घेतलं, आणि नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवली. लातूर तालुक्यातल्या साई गावचे काका पवार ग्रीको-रोमन खेळून 1998 चा अर्जुन पुरस्कार घेऊन आले आणि आता त्यांची पुण्यात कात्रजला अकादमी आहे. पाटोद्याचा राहुल आवारे आधी बिराजदारांकडं आणि मग पवारांकडं शिकला. 2018 ला राष्ट्रकुल सुवर्ण, 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य. ही साखळी माहीत असली की गडी कुठल्या पद्धतीनं खेळंल याचा निम्मा अंदाज लागतो.

पण नावावर सगळं ठरत नाही, आणि त्याला दाखलाही बिराजदारांचाच. 1977 ला बेळगावात त्यांची कुस्ती सत्पालशी लागली. सत्पाल दिल्लीचा, तरुण, ऐन भरात. जुनी माणसं अजून सांगतात, निम्मं मैदान आधीच निकाल बोलून बसलं होतं. कुस्ती बिराजदारांनी मारली.

एकाच तालमीचे दोघे समोर आले तर काय धरायचं? गावजत्रेत अशी जोड बहुतेक बरोबरीत सुटते, हा माझा अनुभव. दोघांना एकमेकांचे डाव पाठ असतात आणि वस्तादालाही कुणी पडलेला नको असतो. मोठ्या स्पर्धेत मात्र तसं होत नाही. 2020 च्या महाराष्ट्र केसरीच्या शेवटच्या कुस्तीत सदगीर आणि आपल्या लातूर जिल्ह्याचा शैलेश शेळके समोरासमोर होते, दोघेही काका पवारांचे चेले. कुस्ती खरी झाली, 3-2 अशी. आणि जिंकल्यावर सदगीरनं शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. तो व्हिडिओ अजून फोनवर फिरतो.

नुरा कुस्ती, म्हणजे आधी ठरवून खेळलेली, ओळखायची खूण एकच सांगतो. हात झटकतात, मानेवर थापा देतात, खडाखडी जोरात चालते, पण गुडघा कुणाचाच मातीला लागत नाही. खऱ्या कुस्तीत पाच मिनिटांत दोघांच्या गुडघ्यांना माती असतेच.

वेळ आणि पंच

मोठी कुस्ती लागली की माईकवर वेळ सांगतात, आणि वेळ संपल्यावर गुणांवर घेणार की बरोबरीत सोडवणार तेही सांगतात. तेवढं ऐका, कारण अंदाज त्यावर बदलतो. बरोबरी मान्य असेल तर हलका गडी नुसता बचाव करून वेळ काढतो. गुणांवर जायचं असेल तर ज्याच्या दमाची खात्री आहे तो शेवटी पुढं येतो.

चीतपटीचा निर्णय पंचाचा. दोन्ही खांदे टेकले का एकच, हे मागं बसून कळत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत याच कारणावरून शिवराज राक्षे चिडला, पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांसाठी निलंबित झाला. तिथं कॅमेरे होते, तरी वाद झाला. यात्रेत तर पंचाची नजर हाच कॅमेरा. वाद घालायला आखाड्यात उतरू नका. दहा माणसं आत गेली की पुढच्या पोरांच्या कुस्त्या राहून जातात, आणि ती पोरं सकाळपासून लंगोट कसून बसलेली असतात.

जोडीच्या बाबतीत मी इतकं का लिहितो, त्याला कारण आहे. बाविसाव्या वर्षी एका जत्रेत मी जोड मागायला उतरलो होतो. समोर उठला तो माझ्यापेक्षा दहा-बारा किलो तरी जड. पुकारणाऱ्यानं विचारलं, "जोड पसंत हाय का?" गावचे लोक कडेला बसलेले. नाही म्हणायची लाज वाटली. तिसऱ्या मिनिटाला त्यानं वरून अंग टाकलं आणि माझा उजवा गुडघा आत वळला. आज तुरीच्या काढणीत मी तो पाय लांब करून बसतो आणि बायको माझी पात ओढते. त्या गड्याचा दोष नाही. पंचानं दोघांकडं एकदा नीट बघितलं असतं आणि मी "नाही" म्हणालो असतो तर विषय तिथंच संपला असता. म्हणून मंडळी, आपल्या गावचं पोरगं भारी जोडीला "नको" म्हणालं तर शिट्ट्या मारू नका. जोड नाकारणं हा पैलवानाचा हक्क आहे.

आणि पैसे लावू नका. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे खिशात असतात त्याच दिवसांत ही यात्रा येते, आणि कडेला "लावतो का शंभर" म्हणणारे असतातच. वर सांगितलेलं सगळं बघूनही माझे दहातले तीन-चार अंदाज चुकतात.

तरी यंदा काय होईल म्हणता, तर माझा अंदाज असा. सकाळच्या लहान पोरांच्या, नारळावरच्या कुस्त्या पटापट चीतपट होतील, बहुतेक दोन-तीन मिनिटांत, आणि जो आधी पाठीमागं जाईल त्याची कुस्ती. मधल्या गटात खरी बघण्यासारखी लढत असते, कारण तिथं स्थानिक तालमीची पोरं आणि बाहेरून आलेली नव्या दमाची पोरं समोर येतात. तिथं मी मातीवाल्यांच्या बाजूनं. शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्त्यांत पहिली पाच मिनिटं नुसती खडाखडी, त्यातली एक तरी बरोबरीत सुटणार, आणि त्यावरून मैदानात आरडाओरडा होणार. शेवटची मानाची कुस्ती जड गड्याकडं जाईल.

बसायला जागा मिळवायची असेल तर दुपारच्या आधी जा. सूर्य पाठीशी येईल अशी बाजू धरा, नाहीतर उतरत्या उन्हात डाव दिसत नाहीत. नांदेड-लातूर रस्त्यावर त्या दिवशी गाड्यांची रांग लागते. परतीची शेवटची एसटी आधी विचारून ठेवा. लातूरकडच्या वाचकांना यंदा जमलं नाही तर महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत कुस्त्या असतातच.

जोडी लागतील तशा आम्ही आखाड्यातून टाकत राहू. रेंज मिळाली तर.