जयकरांच्या कागदपत्रांकडे जाताना

भोर-वेल्ह्याच्या मुलुखाला जुन्या कागदांचे अप्रूप नवे नाही. कारीच्या जेध्यांची शकावली आणि करीना यांच्याशिवाय शिवकाळाचा अभ्यास पुढे सरकत नाही. तरीही एका कुलगुरूच्या दप्तरात आपल्यासाठी काय असणार, असे या भागातल्या वाचकाने विचारले तर ते रास्तच आहे.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झाले आणि विचित्रगड, प्रचंडगड हे पंतसचिवांचे तालुके मुंबई प्रांतात आले. वर्ष पुरे होण्याआधीच, १० फेब्रुवारी १९४९ रोजी, पुणे विद्यापीठ स्थापन झाले. पुण्यात शिकून मुंबई विद्यापीठाची पदवी घ्यायची, ही जुनी रीत त्याबरोबर संपली. या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर. १९४२ मध्ये नेमलेल्या महाराष्ट्र विद्यापीठ समितीचे अध्यक्षही तेच होते. त्यामुळे विद्यापीठाची कल्पना आणि कारभार हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून गेले. आज त्यांचे नाव गणेशखिंडीतील ग्रंथालयाला आहे, आणि बहुतेकांची ओळख तेवढ्यावरच थांबते.

वास्तविक कुलगुरुपद हा त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध. त्याआधी ते बॅरिस्टर, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीचे सदस्य आणि संविधान सभेचे सभासद होते. देशातील रस्त्यांसाठी पेट्रोलवरील करातून निधी उभारावा, ही १९२७ च्या रस्ते समितीची शिफारसही त्यांच्याच अध्यक्षतेखालची. (घाटातून एस.टी.ने जाताना हे कोणाला आठवावे!)

त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र दोन खंडांत आहे आणि ते १९२५ पाशी थांबते. माझ्या मते त्यांच्या कागदपत्रांचे खरे मोल यातच आहे. गांधीजी आणि सरकार यांच्यात समेट घडवण्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात झालेल्या १९३० च्या वाटाघाटी, गोलमेज परिषदा आणि पुढे विद्यापीठाची उभारणी, यांपैकी काहीच आत्मचरित्रात आलेले नाही. ते शोधायचे तर नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील जयकर-संग्रहाकडेच वळावे लागते.

नव्या वाचकांनी आत्मचरित्रापासून आरंभ करावा, पण त्यातील 'मी'वर फार विसंबू नये. वकिलाने मांडलेली ती स्वतःची बाजू आहे. पत्रव्यवहार बराचसा इंग्रजीत आहे, त्याने बिचकू नका. एखादा विषय धरून तारखांच्या क्रमाने वाचत गेलात की माणसे ओळखीची होतात. पहिला विषय म्हणून १९३० चा उन्हाळा-पावसाळा घ्यावा. त्या मध्यस्थीत जयकरांबरोबर असलेले तेजबहादूर सप्रू यांचा पत्रसंग्रह कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यामुळे त्या महिन्यांपुरती तरी दोघांची पत्रे समोरासमोर ठेवून ताडून पाहता येतील.