काकांची बोटं आणि आजीच्या ओव्या

मागच्या दिवाळीत चकलांब्याला गेलो होतो. (बीड जिल्हा, गेवराई तालुका. पुण्यातल्या मित्रांना हे अजून सांगावं लागतं.) काकांनी एक जुनी सीडी पुढे केली. "आईच्या ओव्या हैत ह्यात. उघडून दे." आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी २००३ साली स्वतः टाईप केल्या होत्या. फाईल उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी!

मंडळी, याचं मूळ टाईपरायटरमध्ये आहे. शोल्सचा टाईपरायटर रेमिंग्टनने १८७४ मध्ये बाजारात आणला, तो रोमन लिपीसाठी. तेवढ्याच कळांत देवनागरी बसवायची म्हणजे कसरत. मग कळांवर अक्षरांचे तुकडे घातले: अर्धा ण, अर्धा श वगैरे, पुढे काना मारला की अक्षर पूर्ण. अनुस्वाराची कळ दाबली तर गाडी सरकत नाही. आणि ऱ्हस्व वेलांटी कागदावर आधी दिसते, म्हणून आधी मारायची. काका गेवराईच्या टायपिंग क्लासमध्ये हेच शिकले आणि त्यावरच त्यांना नोकरी लागली.

संगणकासाठी १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक ठरला, १९९१ च्या भारतीय मानकातही आला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. क च्याच कळेवर शिफ्ट दाबून ख. टाईप करायचं उच्चाराच्या क्रमाने. मला विचाराल तर फार सुंदर रचना. 'चकलांबा' सात कळांत होतं; आम्ही रोमन अक्षरांतून लिहिणारे त्यालाच बारा कळा बडवतो.

पण ज्यांची बोटं आधीच तयार होती त्यांचं काय? त्यांच्यासाठी डीटीपीवाल्यांनी टाईपरायटरचीच मांडणी फॉन्टमध्ये आणली. फाईलमध्ये साठायचे इंग्रजी अक्षरांचे कोड, फॉन्ट त्यांवर मराठी आकार चढवायचा. फॉन्ट गेला की खिचडी. युनिकोड १९९१ पासून होतं, पण आमच्याकडे ते वापरात यायला बरीच वर्षं गेली.

दोन रात्री बसून छोटा प्रोग्राम लिहिला. कोडांचं कोष्टक सोपं होतं, क्रमाने छळलं. वेलांटी अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारून मागे न्यायची, रफार उलट पुढे आणायचा. काकांचा हात ज्या क्रमाने फिरला, तोच क्रम फाईलमध्ये जसाच्या तसा!

ओव्या निघाल्या, पण चुका होत्या. तपासायला काकांना लॅपटॉप दिला, वर शहाणपणाही केला: "काका, आता इन्स्क्रिप्ट शिका, शास्त्रशुद्ध आहे." अर्ध्या तासात ते वैतागले. "आरं, बोट जातंय तिथं अक्षरच नाही." मग म्हटलं, फोनला बोलून लिहा, २०१७ पासून मराठीत सोय आहे. ते जमलं, पण आजीचे शब्द तो पुस्तकी करून टाकायला लागला. काकांनी फोन बाजूला ठेवला.

शेवटी युनिकोड देणारी टाईपरायटरची मांडणी शोधून टाकली. पाच मिनिटांची गोष्ट. आधी का सुचली नाही कोण जाणे. काका सरळ बसले, नजर कागदावर, आणि कळांचा तो जुना ताल सुरू झाला. काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

काल त्यांचा फोन आला. "वाऱ्यावर'चं 'वार्यावर' केलंय तुझ्या प्रोग्रामनं. सतरा ठिकाणी. मी करतो दुरुस्त, तू हात लावू नको."